तेरा वर्षांचा संत्र्याचा बगीचा: ठेवायचा की काढायचा?

काटोल_रोड | १८ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. काटोलजवळ आमचा चार एकर संत्र्याचा बगीचा आहे. सहा बाय सहा मीटरवर लावलेली साधारण ४४० झाडं, वय तेरा वर्षं. मी नागपुरात नोकरी करतो, शनिवार-रविवार शेतावर असतो. बगीचा बाबा पाहतात, ते आता ६८ वर्षांचे आहेत.

गेली तीन वर्षं झाडं मागं पडत चालली आहेत. पानं पिवळी, शेंडे वाळलेले, खोडावर डिंक. यंदा आंबिया बहाराची (जानेवारीच्या सुमारास फुलणारी) फळं ऑगस्टमध्येच गळायला लागली, रोज सकाळी दोन टोपली वेचून बाहेर टाकावी लागतात. व्यापारी येऊन गेला, सौदा न करताच परत गेला. बाबा म्हणतात, जेसीबी लावू, मोकळं वावर करू आणि पऱ्हाटी (कापूस)-तूर घेऊ. आईनं दोन दिवस त्यांच्याशी बोलणं सोडलंय, कारण पहिल्या पन्नास कलमांना तिनं डोक्यावरून पाणी आणून घातलं होतं.

नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, कापसाची आहे, मातीचीही आहे. सगळं जवळच. तिथं जे संशोधन चाललंय त्यातलं आमच्यासारख्यांच्या बांधावर पोचतं का? अशा बगीच्याला वाचवता येतं का? की काढून टाकणंच शहाणपणाचं?

वरुडकर | १८ ऑगस्ट, रात्री १०:१२

भाऊ, जेसीबीले आधी थांबवा. म्या सहा वर्षांआधी तीनशे झाडं उपटली अन् त्याच वावरात नवीन पन्हेरी लावली. चार वर्षांत थे बी वाळायला लागली. रोग जमिनीतच होता, झाडं काढून काय फायदा झाला? आधी पाहा का झाडं मरून काऊन राहिली.

भिवापुरी | १८ ऑगस्ट, रात्री १०:३०

फोटो टाका. खोडाचा जमिनीलगतचा, आणि पानाचा जवळून.

काटोल_रोड | १९ ऑगस्ट, सकाळी ७:५५

चार फोटो टाकलेत. खोडाचा फोटो घेताना एक लक्षात आलं, कलमाची गाठ दिसतच नाही. माती वर आली आहे.

निवृत्त_प्रयोगशाळा | १९ ऑगस्ट, सकाळी ११:२०

मी फळझाडांच्या रोगांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं तंत्रज्ञ होतो. तुमच्या शेवटच्या वाक्यावरच थांबलो.

संत्र्याचा डोळा आपण जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर (मुळं देणाऱ्या रोपावर) बांधतो. यातला रंगपूर खुंट जमिनीतल्या फायटोफ्थोराला, म्हणजे मुळं आणि खोड कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवाला, संत्र्यापेक्षा बरा टिकतो. म्हणून डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधायचा आणि गाठ आयुष्यभर मातीच्या वर ठेवायची. दरवर्षी आळी करताना, वखर फिरवताना माती खोडाकडे ओढली जाते. आठ-दहा वर्षांत गाठ बुजते, संत्र्याची नाजूक साल थेट ओल्या मातीला लागते आणि तिथून डिंक्या रोग सुरू होतो. खुंट वापरण्याचा सगळा उपयोग त्या वीतभर मातीनं जातो.

आणखी एक. फायटोफ्थोराला आपण बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नव्हे, पाण्यातल्या शेवाळांना जवळची जात आहे. तिचे बीजाणू शेपटीवर पोहतात, त्यासाठी त्यांना साचलेलं पाणी लागतं. खोडाशी पाणी तुंबलं की त्यांची वाट मोकळी. म्हणूनच दुकानदार देतो ते कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक हिच्यावर चालत नाही. लोक तीन-तीन वर्षं ते ओतत राहतात आणि औषध खोटं निघालं म्हणतात. औषध खोटं नसतं, रोग दुसरा असतो. यावर मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटाइल-एएल गटातली औषधं लागतात, तीही माती तपासून, लेबल वाचून.

तपासणी सोपी आहे. मातीत पाणी घालून वर संत्र्याच्या कोवळ्या पानाचे तुकडे तरंगत ठेवतात. बीजाणू असतील तर पोहत येऊन पानाच्या कडेला लागतात, मग ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मुळांसकट माती पिशवीत भरून अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संस्थेत घेऊन जा. वाळवू नका, उन्हात गाडीत ठेवू नका.

नैसर्गिक_शेतीमित्र | १९ ऑगस्ट, दुपारी १:०५

काकांचा आदर ठेवून सांगतो, पुन्हा औषधावरच आलो आपण. जमीन मेली म्हणून झाड मेलं. मी सात वर्षांपासून जीवामृत देतोय. एकरी दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, दोनशे लिटर पाणी. पालेकर गुरुजी आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, २०१६ ला पद्मश्री मिळाली ती उगाच नाही. माझ्या बगीच्यात गांडुळं परत आली आहेत.

मृणाल_मातीवाली | १९ ऑगस्ट, सायंकाळी ६:४८

गांडुळं परत आली हे फार चांगलं झालं, दादा, आणि ते मी अजिबात कमी लेखत नाही. विदर्भातल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमीच असतो, तो वाढवायचा प्रत्येक मार्ग मला हवा आहे. पण मला विचारायचंय, तुमची जमीन कशी आहे? उतारावरची, मुरमाड, निचऱ्याची असेल तर हा रोग मुळातच कमी येतो. काटोल_रोड दादांच्या जमिनीत भारी चिकणमाती असेल आणि पाणी चार दिवस उभं राहत असेल, तर तिथं खोडाशी दोनशे लिटर काहीही ओतलं, अगदी जीवामृतसुद्धा, तरी ओल वाढणार.

मी मृदाशास्त्र शिकवते. नागपूरला १९७६ पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, तिथले नकाशे पाहत मी शिकले. एक गोष्ट मनात पक्की बसली. संत्रा कुठं लावावा हे आपण मातीला विचारत नाही, शेजाऱ्याला विचारतो. काळी माती पावसात फुगते, तिच्या फटी मिटतात, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. खाली चुनखडीचा थर असेल तर लोह आणि जस्त मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही, पानं पिवळी पडतात. लावणीआधी मीटरभर खोल खड्डा घेऊन भिंत पाहायला फक्त एक मजूर आणि एक दिवस लागतो. तुम्ही आत्ताही घ्या. एक खड्डा बऱ्या झाडांच्या ओळीत, एक मरणाऱ्या झाडांच्या ओळीत. दोन्हीचे फोटो इथं टाका.

नैसर्गिक_शेतीमित्र | १९ ऑगस्ट, रात्री ८:१५

जमीन उतारावरची, मुरमाडच आहे ताई. हे मी आधी सांगायला हवं होतं.

धंतोलीकर | १९ ऑगस्ट, रात्री ८:५०

मी शेतकरी नाही, खाणारी आहे. मध्येच विचारते, रागावू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येतात ती संत्री हिरवट असतात, सासूबाई म्हणतात कच्ची तोडली. तरी आतून गोड निघतात. असं का?

वरुडकर | १९ ऑगस्ट, रात्री ९:२०

ताई, सालीले रंग थंडीनं येते. रात्र गार झाली का हिरवं जाऊन केशरी चढते. आंबियाचं फळ आतून पिकते, पण बाहेर गरम रात्री असल्या तर साल हिरवीच राह्यते. मृगाचं (पावसाळ्यात फुललेलं) फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडाले येते, त्यानं थंडी खाल्ली असते, म्हणून थे रंगानं लखलखीत. हिरवं पाहून तुमी घेत नाई अन् आमचा भाव पडते. सासूबाईले माझ्याकडून एक फोड खाऊन पाहाले सांगा.

धंतोलीकर | १९ ऑगस्ट, रात्री ९:२६

उद्याच सांगते. आता हिरवी बघून पुढं जाणार नाही.

पांढरं_सोनं | २० ऑगस्ट, सकाळी ६:३०

बाबांच्या पऱ्हाटीच्या बेताबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मी हिंगणघाटकडचा, तीन पिढ्या कापूस.

कापूस म्हणजे सुटका, असं समजू नका. २००२ साली अळीला मारणारं बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळी गेली असं आम्ही मानलं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली, वरून काही दिसत नव्हतं. फूल नीट उमलत नाही, पाकळ्या आवळून गुलाबाच्या कळीसारखी डोमकळी होते, तेव्हा अळी आत बसलेली असते. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर गेले. ते दिवस मी विसरू शकत नाही.

वर्धा रोडवर कापूस संशोधन संस्था आहे, तिथल्या शेतकरी दिवसाला मी जातो. ते कानी कपाळी ओरडून सांगतात, फरदड (हंगाम संपल्यावर तीच पऱ्हाटी पुढं ठेवणं) घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. ही अळी कापसाशिवाय जवळपास कशावरच जगत नाही, तेव्हा तिची उपासमार करणं हेच खरं औषध. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारे) लावा, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की मगच फवारा. कमी मुदतीचे वाण दाट लावा, नव्वद बाय पंधरा सेंटिमीटरवर. झाड लहान राहतं, बोंडं एकदम येतात, अळीच्या आधी वेचणी होते. हलक्या जमिनीत मला हे जमलं. भारी जमिनीत झाडं माजली आणि आत हवाच खेळली नाही.

वरुडकर | २० ऑगस्ट, सकाळी ८:१०

फरदड नको म्हणतेत, खरं हाय. पण जानेवारीत पोरीच्या फीसाठी थेच दोन क्विंटल कामी येते. हे बी लिहा.

पांढरं_सोनं | २० ऑगस्ट, सकाळी ८:३१

लिहितो भाऊ, कारण तेच खरं आहे. मीही घ्यायचो. गावातल्या एकानं सोडून चालत नाही, पतंग शेजारच्या वावरातून येतो. आमच्या शिवारात चौदा जणांनी मिळून ठरवलं आणि जानेवारीत हरभऱ्याला जागा केली, तेव्हा कुठं दुसऱ्या वर्षी सापळे रिकामे दिसू लागले. एकट्यानं केलं असतं तर फीही गेली असती आणि अळीही राहिली असती.

रानवाट | २० ऑगस्ट, दुपारी १२:४०

फळगळीबद्दल एक शंका. गळलेल्या फळावर टाचणीएवढं छिद्र आणि भोवती मऊ डाग आहे का? असेल तर सगळी गळ मुळांमुळं नाही. रस शोषणारा पतंग रात्री येतो, सोंड खुपसतो, सकाळी दिसत नाही. त्याच्या अळ्या संत्र्यावर नसतातच, त्या बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात. म्हणून सल्ला असा असतो की बगीच्याभोवतीच्या या वेली काढा, संध्याकाळी धूर करा, गळलेली फळं खड्ड्यात पुरा.

मला मात्र हा सल्ला जसाच्या तसा मान्य नाही. मी वनक्षेत्रात काम करतो. गुळवेल सरसकट उपटण्याचं वेड पसरलं तर धुऱ्यावर काही उरणार नाही. बगीच्याच्या अगदी लगतची काढा, नाल्याकाठची राहू द्या. उलट धुऱ्यावर झाडं वाढवा. पश्चिमेकडून मे महिन्यात येणारी झळ अडवायला जुने लोक शेवरीची दाट ओळ लावत. आता बांबूही लावता येतो. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढला, तेव्हापासून आपल्या वावरातला बांबू तोडायला वन कायद्याची ती जुनी अडचण राहिली नाही. फळांच्या फांद्यांना टेकूही घरचाच मिळेल.

भिवापुरी | २० ऑगस्ट, दुपारी १:१५

बांबूची मुळं संत्र्याचं पाणी ओढतील.

रानवाट | २० ऑगस्ट, दुपारी १:४४

ओढतील. म्हणून संत्र्याच्या शेवटच्या ओळीपासून लांब लावा आणि मध्ये चर खणा. तोच चर पावसाळ्यात जादा पाणी बाहेर नेईल.

काटोल_रोड | २० ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळ्यांचे खूप आभार. छिद्र काही फळांना आहे. खालच्या फांद्यांवरची फळं मात्र तपकिरी होऊन कुजताहेत, त्यांना छिद्र नाही.

कलमांबद्दलही सांगायला हवं. तेरा वर्षांपूर्वी बाबांनी रस्त्याकडेच्या एका पन्हेरीवाल्याकडून (रोपवाटिकेतून) स्वस्तात कलमं आणली होती. मातीचा गोळा गवतात बांधलेला. डोळा जमिनीपासून चार बोटांवर होता, हे मला आज कळतंय.

निवृत्त_प्रयोगशाळा | २० ऑगस्ट, रात्री १०:०५

खालच्या फांद्यांची तपकिरी कूज हीही फायटोफ्थोराचीच. पावसाचे थेंब मातीवर आपटतात, शिंतोड्यांबरोबर बीजाणू फळावर चढतात. आळ्यात गवत किंवा तणसाचं आच्छादन टाका, पण खोडापासून दूर. खालच्या फांद्यांना टेकू द्या.

तुमच्या कलमांची गोष्ट वाचून वाईट वाटलं, कारण ती मी शेकडो वेळा ऐकली आहे. विदर्भातल्या बगीच्यांचा रोग बराचसा पन्हेरीत सुरू होतो. एकाच जागी वर्षानुवर्षं रोपं काढलेली माती, त्यात फायटोफ्थोरा भरलेला. त्या मातीचा गोळा घेऊन कलम शेतात जातं, शेतकरी आपल्या हातानं रोग विकत आणतो. आणि डोळाकाडी कुठल्या झाडाची, कोणी विचारत नाही. त्या मातृवृक्षाला ग्रीनिंग (जिवाणूचा रोग) किंवा ट्रिस्टेझा (विषाणूचा रोग) असेल तर एका झाडावरून हजार कलमांत जातो.

संशोधन पोचतं का, हा तुमचा पहिला प्रश्न होता. उत्तर इथं आहे. ऊन देऊन निर्जंतुक केलेल्या मातीत, पिशवीत, शेडनेटमध्ये, तपासलेल्या मातृवृक्षाच्या डोळ्यावर कलम करायचं तंत्र नागपुरात कधीचंच तयार आहे. रोगट झाडापासून निरोगी झाड काढायचं असेल तर शेंड्याचा एक मिलिमीटरहूनही लहान तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कापून काचेच्या नळीतल्या कोवळ्या खुंटावर बसवतात. शेंड्याच्या त्या टोकाला रोगजंतू बहुधा पोचलेला नसतो. हे काम करणाऱ्या मुलींचे हात मी पाहिलेत, श्वास रोखून काम चालतं. तंत्र आहे. कमी पडतात ती कलमं, आणि ती महाग म्हणून परत रस्त्याकडे वळणारे आपण.

मृणाल_मातीवाली | २१ ऑगस्ट, सकाळी ९:००

काका, पानांचा फोटो पाहून मला जस्ताची कमतरता वाटते. तुमचं मत?

निवृत्त_प्रयोगशाळा | २१ ऑगस्ट, सकाळी ९:५०

बरोबर वाटतं. ग्रीनिंगमध्ये पानाच्या मधल्या शिरेच्या दोन बाजू एकसारख्या नसतात, एकीकडे पिवळा डाग, दुसरीकडे हिरवं. इथं दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या आहेत. तरीही दोन-तीन फांद्या तपासून घ्या. ग्रीनिंग निघालं तर त्या झाडाला उपाय नाही. ते काढायचं आणि सिला किडीवर लक्ष ठेवायचं, कारण तीच एका झाडावरून दुसऱ्यावर रोग नेते.

वरुडकर | २१ ऑगस्ट, सकाळी १०:२०

पाण्याचं बोला कोणी. आमच्या वरुड तालुक्यात बोअर पाचशे-सातशे फूट गेले, भूजल अतिशोषित म्हणून सरकारनंच लिहून ठेवलं हाय. जमीन तपासान, कलम चांगलं आणान, पण मे महिन्यात पाणी कुठून आणान? अन् आंबियासाठी डिसेंबरात ताण द्या (पाणी तोडा) अन् जानेवारीत अवकाळी पाऊस पडला तर ताण अर्ध्यातच तुटते, फुलं अर्धीमुर्धी येते.

मृणाल_मातीवाली | २१ ऑगस्ट, दुपारी २:३०

भाऊ, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ठिबकनं पाणी वाचतं आणि खोडही कोरडं राहतं, एवढं खात्रीनं सांगते. पण ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी एकर वाढवतो आणि विहीर तेवढीच आटते. ज्या शिवारात पाणी नाही तिथं कमी झाडं ठेवा, असं स्पष्ट म्हणायची वेळ आली आहे. हे सांगताना मला जड जातं, माझे आजोबा संत्रेवालेच होते.

भिवापुरी | २१ ऑगस्ट, दुपारी ३:१०

आमच्याकडे मिरचीचं तेच झालं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव मोठं झालं, आणि खरं बियाणं राखणारी घरं बोटावर मोजण्याइतकी उरली. तुमच्या नागपुरी संत्र्यालाही २०१४ मध्ये मानांकन मिळालंय. बगीचे टिकवा.

काटोल_रोड | २८ सप्टेंबर, रात्री ८:२०

महिन्याभरानं लिहितोय, माफ करा. बरंच काही झालं.

दोन खड्डे खणले. वरच्या ओळींत दोन फुटांखाली मुरूम लागला. खालच्या, नाल्याकडच्या ओळींत सव्वा मीटरपर्यंत नुसती चिकण काळी माती, आणि तळाशी पाणी झिरपून आलं. मृणालताई, फोटो टाकलेत. बाबा खड्ड्यात उतरून बराच वेळ भिंतीला हात लावून बसले होते. म्हणाले, हे मी तेरा वर्षांपूर्वी पाहायला हवं होतं.

मातीच्या पिशव्या संस्थेत दिल्या. खालच्या ओळींत फायटोफ्थोरा भरपूर निघाला, वरच्या ओळींत थोडा. ग्रीनिंग एका झाडात निघालं, ते मुळासकट काढून जाळलं.

मी आणि बाबांनी दोन रविवार वरच्या सगळ्या झाडांच्या खोडाजवळची माती हातानं काढली. फावडं लावलं नाही. गाठी उघड्या पडल्या. काही खोडांवर साल कुजून पट्टे पडले होते, ते धारदार चाकूनं खरवडले. प्रत्येक झाडाला दुहेरी आळं केलं. आतलं, खोडापासून दीड फुटाचं, उंच आणि कोरडं. पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. नाल्याकडं जाणारा चर रानवाट यांनी सांगितला तसा खणला. परवा मोठा पाऊस झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या ओळींत पाणी नव्हतं. बाबा पहाटे टॉर्च घेऊन बघून आले होते.

खालच्या नऊ ओळी, म्हणजे १३० झाडं, काढणार. तिथं लगेच संत्रा लावणार नाही. वरची ३०९ ठेवतोय. आई म्हणाली, तिच्या पन्नासातली अडतीस वरच्या भागात आहेत.

एक अडचण आहे. उद्यापासून उघडीप आहे, खोडाला बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचं) लावायचंय. बाबांचं म्हणणं तांब्याच्या घंगाळात कालवावं, मी लोखंडी टोपलं काढलं होतं. कशात करू?

निवृत्त_प्रयोगशाळा | २८ सप्टेंबर, रात्री ८:४५

दोन्ही नको, प्लास्टिकची बादली घ्या. मोरचूद लोखंड खातो. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात आज रात्रीच भिजत घाला, एक किलो चुना दुसऱ्या बादलीत पाच लिटर पाण्यात. सकाळी दोन्ही एकत्र ओतत लाकडी काठीनं ढवळा. मग विळ्याचं पातं घासून त्यात थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मलम आंबट आहे, साल जळेल, चुन्याची निवळी वाढवा. थर आला नाही की लावायला घ्या. खोड कोरडं हवं, जमिनीपासून मीटरभर उंच लावा. चष्मा घाला, हातात रबरी मोजे. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी मे अखेरीस पुन्हा एकदा.

वरुडकर | २८ सप्टेंबर, रात्री ९:०५

रविवारी येतो मी काटोलले. दोन ब्रश माझ्याकडचे आणतो.

काटोल_रोड | २८ सप्टेंबर, रात्री ९:११

या भाऊ, जेवायला घरीच. मोरचूद भिजत घातला.